घारीची नजर, रेडिओचा आवाज

६ जानेवारी

प्रिय मावशी,

फोनवर बोललेलं माणूस नंतर नाकबूल करतं, कागद करत नाही, हा तुझा कायदा पाळून लिहिते आहे. बोटाला शाई लागली. आता काम सांगते, आणि पूर्ण वाचल्याशिवाय भडकायचं नाही.

आमच्या प्रयोगशाळेत साठीच्या पुढची, भरपूर वाचणारी माणसं हवी आहेत. करायचं एवढंच. हनुवटी एका टेकूवर ठेवायची आणि समोरच्या पडद्यावर येतील ती वाक्यं वाचायची. पडद्याखाली एक कॅमेरा असतो. तो डोळ्याच्या बाहुलीकडे बघत राहतो आणि ती कुठे थांबली, किती वेळ थांबली, कुठून मागे फिरली, हे टिपून ठेवतो. टोचत नाही, दुखत नाही. वाचताना डोळे ओळीवरून आगगाडीसारखे सरळ सरकतात असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात ते बेडकासारखे उड्या मारत जातात. पाव सेकंद टेकायचं, उडी, पुन्हा टेकायचं. उडी मारताना तर काहीच दिसत नाही. कुणी कुठे टेकलं आणि कुठून मागे आलं, यावरून त्याला वाक्य कुठे कळलं आणि कुठे अडलं, ते आम्हाला समजतं.

आमचे सर म्हणाले, पस्तीस वर्षं प्रुफं तपासलेलं माणूस म्हणजे आपल्यासाठी खजिना आहे. मी म्हटलं, सर, खजिन्यावर नागीण बसलेली असते. आमच्याकडे खजिनाही तीच आणि नागीणही तीच.

येशील ना? बसनं तीन तासांचा तर रस्ता. माझ्याकडे राहा. मी घर आवरून ठेवते.

तुझीच,
चिमणी

⁂

११ जानेवारी

चिमणे,

नागीण म्हणालीस ते पोचलं. पत्रात पाच ठिकाणी स्वल्पविराम हवा होता तिथे नाही, आणि एका ठिकाणी नको तिथे बसला आहे. विद्यापीठात नोकरी करतेस म्हणून सांगते, बाहेर कुणाला दाखवू नकोस.

माझे डोळे बेडूक नाहीत. कॉन्व्हेंटमधल्या सिस्टरांनी आम्हाला ओळीखाली पट्टी धरून वाचायला शिकवलं. ओळ संपायच्या आत पट्टी खाली सरकली, की तीच पट्टी बोटांवर. त्या बाईंचा स्वभाव आंबट होता, पण शिकवणं खणखणीत. एकही शब्द न गाळता वाचायची सवय मला सातव्या वर्षी लागली ती आजतागायत सुटलेली नाही. छापखान्यात मला घार म्हणायचे, ते काही नाकावरून नव्हे. तुमच्या सरांचे डोळे उड्या मारत असतील. एकंदर हल्ली विद्यापीठांतून जे छापून येतं ते पाहता मला त्यात नवल वाटत नाही.

तरी येते. तुमच्या यंत्राला एकदा नीट वाचणारा माणूस बघायला मिळू दे.

मात्र जास्त दिवस राहता येणार नाही. छापखान्याला पंच्याहत्तर वर्षं झाली म्हणून स्मरणिका काढताहेत आणि तिची शेवटची प्रुफं माझ्याकडे आली आहेत. मार्च संपायच्या आत परत द्यायची. निवृत्त होऊन दहा वर्षं झाली तरी यांना दुसरं कुणी सापडत नाही. आमच्या जुन्या मॅनेजरनं आठवणी लिहिल्या आहेत. त्यात रेडिओचा किस्सा आहे. रेडिओ म्हणजे माझी जोडीदारीण. ती मूळ हस्तलिखित मोठ्यानं वाचायची आणि मी प्रुफावर डोळे ठेवून ते जुळतंय का बघायचे. आवाज असा, की खालच्या मजल्यावर मशीन चालू असलं तरी शब्द न् शब्द ऐकू यावा. म्हणून रेडिओ. एकदा तिनं भलतंच काही वाचलं आणि औषधांच्या पुस्तिकेच्या चाळीस हजार प्रती रद्दीत गेल्या. किश्श्याला मथळा दिला आहे, 'रेडिओची खरखर'. वाचून मला हसू आलं. विरामचिन्हं मात्र लाजिरवाणी आहेत.

घर आवरू नकोस. आवरलेल्या घरात तुझी एकही वस्तू तुला सापडत नाही, मग मला उठून शोधावी लागते.

मावशी

⁂

२ फेब्रुवारी

प्रिय मावशी,

तू गेल्यापासून प्रयोगशाळा सुनी झाली आहे. संमतीच्या कागदावर सही करण्याआधी तू त्यातल्या चार चुका दुरुस्त करून तो परत दिलास, तो सरांनी फ्रेम करून भिंतीवर लावला आहे. आणि 'शिक्षिकेनं मुलाला चावलेल्या कुत्र्याला दगड मारला' हे वाक्य आलं तेव्हा तू जे म्हणालीस, ते आता आम्ही सगळ्यांना सांगतो. त्या वाक्यात प्रत्येकाचे डोळे 'चावलेल्या'पाशी अडतात आणि मागे फिरतात, कारण क्षणभर शिक्षिकाच मुलाला चावली असं वाटतं. तुझेही अडले. सरांनी कारण विचारलं, तर म्हणे, "अडले नाही. सिस्टरांची आठवण आली म्हणून थांबले."

सोबत दोन कागद पाठवते आहे. पहिला तुझा नकाशा. ओळीवर जे ठिपके आहेत ते तुझे थांबे, आणि ठिपक्याखालचा आकडा म्हणजे किती वेळ थांबलीस. बघ, भडकू नकोस, दहांतले तीनचार शब्द तू टेकल्याशिवाय ओलांडले आहेस. ही चूक नव्हे गं! हे चांगल्या वाचकाचं लक्षण. पुढचा शब्द काय येणार याचा अंदाज बांधत डोळा पुढे जातो. वय वाढतं तशा उड्या लांब होतात आणि मागे येऊन खात्री करणंही वाढतं. म्हणजे माणूस धाडसीही होतं आणि सावधही. मला हे फार आवडतं.

दुसरा कागद दुसऱ्या दिवशीचा. आठवतं ना, उताऱ्यांत आम्ही मुद्दाम चुकीचे शब्द पेरले होते? नुसतं वाचताना तू विसातल्या अठरा चुका पकडल्यास. आजवर एवढ्या कुणीच पकडल्या नव्हत्या, सर खुर्चीतून उठले होते. मग तुझ्या कानांवर हेडफोन लावला आणि बरोबर मजकूर ऐकवत तसाच दुसरा उतारा दाखवला. तेव्हा विसातल्या नऊच. पण मनाला लावून घेऊ नकोस, कारण बहुतेकांचं असंच होतं. आवाज बरोबर शब्द सांगून मोकळा होतो, मग डोळा एक तर त्या शब्दावरून उडी मारतो, नाहीतर त्यावर टेकूनही पानावरचा शब्द न बघता कानातलाच बघतो. बरोबर ऐकू येतं, म्हणूनच चूक दिसत नाही. सर म्हणाले, तुझ्या मावशीला विचार, छापखान्यात एक वाचायची आणि दुसरी बघायची, तेव्हा हा त्रास व्हायचा का? मलाही उत्सुकता आहे.

बसमध्ये मानेखाली घ्यायची उशी विसरलीस ना? माझ्याकडेच आहे.

तुझी चिमणी

⁂

६ फेब्रुवारी

चिमणे,

पहिला कागद मिळाला. त्याच्यावर माझ्या हरकती आहेत.

एक, तो टेकू कुणाच्या हनुवटीच्या मापाचा केला आहे? माझ्या तर नाही. मान अवघडल्यावर घारसुद्धा उड्या मारील. दुसरं, पडद्यावरची अक्षरं बघायला आणि कागदावरची वाचायला लागतात, हा फरक तुमच्या सरांना माहीत नसावा. तिसरी गोष्ट म्हणजे 'आणि', 'हा', 'तर' असले शब्द मी ओलांडले म्हणून ते वाचले नाहीत असं होत नाही. दारात उभ्या असलेल्या माणसाला न थांबता जाता जाता ओळखता येतं. तूच लिहितेस की हे चांगल्या वाचकाचं लक्षण, मग 'भडकू नकोस' कशाला लिहिलंस? माणसाला आधीच भडकू नकोस म्हटलं की भडकणं भाग पडतं.

उशी राहू दे. मला दुसरी आहे.

दुसऱ्या कागदाबद्दल सध्या काही लिहीत नाही.

मावशी

⁂

२४ फेब्रुवारी

प्रिय मावशी,

अठरा दिवस झाले. एवढ्या काळात तू मला निदान दोनदा तरी झापलेलं असतंस. शेजारच्या काकूंना फोन केला, तर म्हणाल्या, बरी आहे, पण गच्चीत येत नाही, आणि पेपरवाल्याशी भांडणही नाही. पेपरवाला काळजीत आहे म्हणे.

चूक माझी झाली. तुझ्या आयुष्यभराच्या अभिमानाच्या जागी मी आकडा ठेवला, आणि वर 'मला फार आवडतं' असं लिहिलं. नऊ चुका हा आकडा तुला कुणी दाखवायला नको होता. तू म्हणशील तर तुझी सगळी नोंद आम्ही पुसून टाकू, तसा नियमच आहे. सरांशी बोलले आहे. ते म्हणाले, खजिना गेला तरी चालेल, नागीण रुसायला नको.

मला तू घार म्हणूनच आवडत होतीस असं थोडंच आहे? आई गेल्यावर पहिल्या वर्षी तू रोज रात्री मला झोपवताना गोष्ट वाचून दाखवायचीस, तेव्हा तू पानं गाळायचीस. मला कळायचं. मी काही बोलायचे नाही.

चार ओळी लिही. शिव्या चालतील.

चिमणी

⁂

२८ फेब्रुवारी

चिमणे,

पानं मी गाळायचे, कारण त्या गोष्टींमध्ये दर तिसऱ्या पानावर कुणाची तरी आई मरायची. तू समजतेस तेवढी मी आळशी नव्हते.

रुसले नाही. नोंद पुसू नका. नऊ चुकांचं मला दुःख नाही. लिहायला वेळ लागला, कारण तुझा दुसरा कागद वाचला आणि मी स्मरणिकेचं प्रूफ पुन्हा काढलं. रेडिओचा किस्सा आहे ते पान, बेचाळीस. तेव्हापासून तिथून पुढे गेले नाही.

आता तुला सगळं सांगते. हे मी आजवर कुणाला सांगितलं नाही, कारण सांगण्यासारखं काही आहे असं मला वाटतच नव्हतं.

एकतीस वर्षांपूर्वीची गोष्ट. दवाखान्यांतल्या नर्सेससाठी औषधांची एक पुस्तिका छापायची होती. कोणत्या वयाला कोणतं औषध किती, असे तक्ते. रेडिओ वाचत होती, मी बघत होते. एका तक्त्यात एकाखाली एक ओळी होत्या, मोठ्या मुलाला दोन चमचे, लहानाला एक चमचा, आणि सगळ्यांत खाली नवजात बाळाला दोन थेंब. खिळे जुळवणाऱ्या जुळाऱ्यानं वरच्या ओळींच्या ओघात खालीसुद्धा 'चमचे' जुळवलं. प्रूफ माझ्या हातून सहीसकट गेलं. चाळीस हजार प्रती निघाल्या. पहिला गठ्ठा पोचला त्याच दिवशी एका नर्सनं तक्ता बघितला आणि ओरडत फोन केला, म्हणून कुठल्या बाळाला काही झालं नाही. ती नर्स कोण होती हे मला आजही माहीत नाही, पण तिच्या डोळ्यांना माझा नमस्कार आहे.

मॅनेजरनं आम्हा दोघींना खोलीत बोलावलं. रेडिओला विचारलं, "तू काय वाचलंस?" ती म्हणाली, "थेंब." मग मला विचारलं. मी काय म्हणाले ते मला शब्दशः आठवतं. मी म्हणाले, "साहेब, हिनं थेंब वाचलं असतं आणि पानावर चमचे असतं, तर ते माझ्या नजरेतून सुटलंच नसतं. ज्याअर्थी सुटलं, त्याअर्थी हिनं चमचे वाचलं."

मी खोटं बोलत नव्हते. लक्षात घे, मला ते सरळ गणित वाटत होतं. कान एक सांगतोय आणि डोळा दुसरंच बघतोय, असं झालं तर घार ते पकडणारच. सगळ्यांना पटलं. आठ दिवसांनी तिला काढलं. वर्षभरात मला मुख्य प्रूफरीडर केलं. आणि एकतीस वर्षं मी मनात तिलाच दोष देत आले, की बाई चुकली ती चुकली, वर कबूलही केलं नाही.

आणि आता तुझा हा कागद. 'बरोबर ऐकू येतं, म्हणूनच चूक दिसत नाही.'

मला एवढंच सांग, आणि मावशी म्हणून हळुवार सांगू नकोस. तुमच्या यंत्रानं हे सिद्ध होतं का, की त्या दिवशी तिनं थेंबच म्हटलं?

मावशी

⁂

४ मार्च

प्रिय मावशी,

नाही. सिद्ध होत नाही.

सरांनाही विचारलं, नाव न सांगता. ते म्हणाले, जानेवारीतल्या आकड्यावरून एकतीस वर्षांपूर्वीच्या एका दुपारबद्दल काही सांगता येत नाही. त्या दिवशी तिनं खरोखरच 'चमचे' म्हटलं असेल. 'थेंब' म्हटलं असेल. ती दुपार कुठल्याच कॅमेऱ्यात नाही.

मात्र दुसरी एक गोष्ट सिद्ध होते, आणि तू हळुवार नको म्हणालीस म्हणून सरळ लिहिते. तुझं 'ज्याअर्थी' मोडलं. तिनं बरोबर वाचलं असतं तरी ती चूक तुझ्या नजरेतून सुटू शकली असती, आणि तशी सुटण्याचीच शक्यता जास्त होती. म्हणजे मॅनेजरच्या खोलीत तुझ्याकडे पुरावा नव्हता. तिचा शब्द होता, आणि तुझ्याबद्दलची ख्याती होती. ख्याती जिंकली.

तू कुणाचं वाईट केलंस असं मी कधी मनात आणलं नव्हतं आणि आताही आणत नाही. तुला जे ठाऊक नव्हतं ते तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हतं. पण मावशी, आता ठाऊक आहे, आणि पान बेचाळीस अजून छापलं गेलेलं नाही.

ती कुठे असते, तुला माहीत आहे का? मी बरोबर येऊ?

तुझीच,
चिमणी

⁂

१५ मार्च

चिमणे,

तू येऊन काय केलं असतंस? रडली असतीस, आणि मग मला तुझ्याकडे बघावं लागलं असतं. एकटीच गेले.

कुठे असते ते मला कायम माहीत होतं. दोन स्टॉप पलीकडे. बसमध्ये मी नेहमी उजवीकडे बसते, कारण तिचं घर डावीकडे लागतं. ही सवय मला आहे हे मला परवा कळलं, डावीकडे बसले तेव्हा.

दार वाजवलं. आतून तोच आवाज. म्हातारा झालाय, पण खरखर नाही. "कोण आहे?"

"मी."

"मी म्हणजे?"

"घार."

मग आवाज आला, "घारी वर घिरट्या घालतात. दार वाजवत नाहीत." आणि कडी निघाली.

जाड झाली आहे. केस पांढरेशुभ्र, माझ्यापेक्षा दाट. छापखान्यातून निघाल्यावर वह्यापेन्सिलींच्या दुकानात काउंटरवर उभी होती, पंचवीस वर्षं. आता मुलगा आणि सून कामावर जातात, ही घरी. खोकला झालेला. टेबलावर औषधाची बाटली, आणि बाटलीला रबरबँडनं अडकवलेली चिठ्ठी, सुनेच्या अक्षरात, 'सकाळी एक, रात्री एक'.

मी बसले नाही. उभ्यानंच सगळं सांगितलं, यंत्र, कागद, विसांपैकी नऊ. तुझा नकाशाही दाखवला. तिनं तो उलटासुलटा करून बघितला आणि म्हणाली, "एकतीस वर्षं? मला वाटायचं तू भरभर वाचतेस."

मी म्हटलं, "माफी मागायला आले."

"ते कळलं. बस आधी, नाहीतर पडशील." मग ती त्या चिठ्ठीकडे बघत म्हणाली, "हे बघ. सून मला चिठ्ठी लिहून देते. बाटलीवरचं मी वाचत नाही. औषधाचं तर नाहीच. मुलगा लहान होता तेव्हा शेजारणीकडे जाऊन वाचून घ्यायचे. तिला वाटायचं मला वाचता येत नाही."

"का?"

"का म्हणजे? महिनाभर मला पक्कं ठाऊक होतं की मी थेंब म्हटलं. कुणालाही सांगायचे. मग एक दिवस मनात आलं, घार भांडेल, टोमणे मारेल, पण खोटं बोलणार नाही. म्हणजे मीच चमचे म्हटलं असणार. तोंडानं एक म्हटलं आणि मला दुसरंच म्हटल्यासारखं वाटलं. अशा तोंडावर माणसानं कसा विश्वास ठेवायचा?"

चिमणे, मी तिची नोकरी घालवली एवढंच समजत होते. इथे ती बाई एकतीस वर्षं माझ्यावर विश्वास ठेवून बसली होती, स्वतःवर नाही.

मग तिनं मला सरळ विचारलं, "तुला आठवतं का? मी थेंब म्हटलेलं तुझ्या कानांना आठवतं का?"

हो म्हणायला काय लागलं असतं? तिला तेच हवं होतं, आणि मलाही. जिभेवर आलं होतं. पण एकदा मी माहीत नसलेली गोष्ट माहीत असल्यासारखी सांगितली होती, आणि तेव्हा काय झालं ते माझ्यासमोर खुर्चीत खोकत बसलं होतं.

मी म्हटलं, "नाही. मला माहीत नाही. तेव्हाही नव्हतं."

तिनं माझ्याकडे बघितलं आणि हसायला लागली. खोकला येईस्तोवर हसली. मी पाणी आणून दिलं. म्हणाली, "बारा वर्षं तुझ्यासमोर बसून वाचलं. 'मला माहीत नाही' हे तुझ्या तोंडून पहिल्यांदा ऐकतेय. मॅनेजरसमोर एवढंच म्हणाली असतीस तर पुरलं असतं गं."

मी रडले, हे लिहिते आहे कारण कागद नाकबूल करत नाही.

निघायच्या वेळेला तिनं चिठ्ठी बाजूला सारली, बाटली उचलली आणि मोठ्यानं वाचली. "एक टोपण, दिवसातून दोन वेळा, जेवणानंतर. वापरण्यापूर्वी हलवावी." खणखणीत. शेजारच्या घरात ऐकू गेलं असेल. मग बाटली माझ्यापुढे धरून म्हणाली, "बरोबर?"

"मी बघितलंच नाही. तू वाचलंस ना, बास."

"शहाणीच आहेस. औषध आहे ते. बघ नीट."

मग बघितलं. ती गप्प बसली होती तेव्हा बघितलं. बरोबर होतं.

पान बेचाळिसाबद्दलही बोलणं झालं. मी म्हटलं, तो मजकूर काढूनच टाकते. तर म्हणे, "काढून काय होणार? सगळ्यांनी ऐकलेलं आहे. खोडलेलं कुणी वाचत नाही. नवीन लिही." स्वतःचं नाव घालू नको म्हणाली, नुसतं रेडिओ लिही, ओळखायचे ते ओळखतील. "तुझं मात्र पूर्ण नाव," म्हणाली.

संपादकांना उद्या पाठवायच्या पत्राची नक्कल जोडली आहे. पुढच्या मंगळवारी ती माझ्याकडे येते आहे. खोकला थांबला तर.

मावशी

⁂

१६ मार्च

स्मरणिकेच्या संपादकांस,

शेवटची प्रुफं परत पाठवत आहे. एकूण दुरुस्त्या दोनशे चौदा. पान बेचाळीसवरील 'रेडिओची खरखर' हा मजकूर पूर्ण रद्द करून त्या जागी पुढील मजकूर घ्यावा. जुन्या मॅनेजरसाहेबांशी मी बोलले आहे. ते नाराज आहेत. ती त्यांची आणि माझी बाब आहे.

'औषधांच्या पुस्तिकेतील चुकीबद्दल. एकतीस वर्षांपूर्वी आमच्या छापखान्यातून एक पुस्तिका गंभीर चूक घेऊन बाहेर पडली. प्रूफ मी तपासलं होतं आणि त्यावर माझी सही होती. माझी जोडीदारीण, जिला आपण सगळे रेडिओ म्हणत असू, तिनं मजकूर बरोबर वाचल्याचं सांगितलं. मी म्हटलं, तिनं चुकीचा वाचला. तिनं काय वाचलं हे मला तेव्हा माहीत नव्हतं आणि आजही माहीत नाही. पानावरची चूक मला दिसली नव्हती. तरी माझ्या नजरेवर सगळ्यांचा विश्वास होता, आणि सर्वांत जास्त माझा, म्हणून नोकरी तिची गेली. ती जायला नको होती. ज्यांनी हा किस्सा इतकी वर्षं ऐकला आणि सांगितला, त्यांनी यापुढे तो असा सांगावा.'

खाली माझं पूर्ण नाव घालावं. यातला एकही शब्द कमी करू नये. जागा कमी पडली तर माझा फोटो काढून टाकावा.

सही खाली केली आहे. ती वाचता येते.